ताइफ ते ठाणे

इ.स. ६१९ मध्ये मक्केहून दोन माणसं डोंगर चढून ताइफला गेली. ताइफ म्हणजे अरबस्तानातलं थंड हवेचं गाव. द्राक्षांचे मळे, कातडी कमावणाऱ्यांच्या वस्त्या, मक्केतल्या धनिकांच्या बागा आणि लात देवीचं मोठं देवस्थान. आलेल्यांपैकी एक होते मुहंमद, वय पन्नाशीला टेकलेलं. दुसरा त्यांचा मानलेला मुलगा झैद. त्याच वर्षी मुहंमदांच्या पत्नी खदीजा आणि लहानपणापासून पाठीशी उभे राहिलेले चुलते अबू तालिब दोघेही वारले होते. मक्केत आता कुणाचा आधार उरला नव्हता. ताइफच्या सकीफ जमातीने आसरा द्यावा एवढीच विनंती घेऊन ते आले होते. जमातीच्या पुढाऱ्यांनी टिंगल केली आणि गावातली टवाळ पोरं मागे सोडली. पोरांनी दगड मारत त्यांना वेशीबाहेर काढलं, पाय रक्ताने माखले. एका द्राक्षमळ्याच्या आडोशाला ते टेकले. मळ्याचे मालक मक्केतले, खरं तर त्यांचे विरोधकच. पण त्यांनाही दया आली आणि त्यांनी अद्दास नावाच्या आपल्या ख्रिस्ती गुलामाच्या हाती द्राक्षांचा घड पाठवला. इब्न इस्हाकने आठव्या शतकात लिहिलेल्या आणि पुढे इब्न हिशामने संपादित केलेल्या चरित्रात हा प्रसंग आला आहे.

यानंतर सतरा वर्षांनी याच सकीफ जमातीतल्या एका माणसाच्या हुकमाने ओमानच्या किनाऱ्यावरून गलबतं सुटली आणि ठाण्याला येऊन थडकली. मराठी मुलखाचा इस्लामशी आलेला हा पहिला नोंदलेला संबंध. ज्याने गलबतं धाडली त्याला ताइफचा कारभार स्वतः पैगंबरांनी सोपवला होता. म्हणजे हे सारं एका माणसाच्या हयातीत घडलं.

ते कसं घडलं हे कळायला आधी मक्केचं अर्थकारण बघावं लागतं. ओसाड डोंगरांच्या कुशीतलं हे गाव. शेती नाही, पाणी म्हणजे झमझमची विहीर. गाव जगत होतं ते दोन गोष्टींवर, काबाच्या यात्रेवर आणि तांड्यांच्या व्यापारावर. काबात अनेक जमातींचे देव होते. वर्षातले काही महिने युद्धबंदीचे मानले जात, आणि त्या काळात यात्रा आणि बाजार दोन्ही भरत. कुरैश जमातीने या दोन्हींवर पकड बसवली होती. त्यांचे तांडे कातडी, मनुका, सुगंधी द्रव्यं घेऊन उत्तरेला सीरियाकडे आणि दक्षिणेला येमेनकडे जात.

मुहंमद याच कुरैशांच्या हाशिम घराण्यात ५७० च्या सुमारास जन्मले. वडील जन्माआधीच वारले, आई सहाव्या वर्षी गेली. आधी आजोबांनी आणि मग चुलत्यांनी सांभाळलं. खदीजा या विधवा व्यापारीण होत्या. त्यांचा माल घेऊन ते सीरियाला गेले, चोख हिशेब आणून दिला, आणि पुढे खदीजांनीच लग्नाचा प्रस्ताव पाठवला. ६१० च्या सुमारास मक्केजवळच्या हिरा गुहेत चिंतनाला बसले असताना त्यांना पहिला साक्षात्कार झाला, अशी श्रद्धा आहे. (त्याच सुमारास इकडे बदामीला दुसरा पुलकेशी चालुक्यांच्या गादीवर बसत होता. दोघांनाही एकमेकांची खबर असायचं काही कारण नव्हतं.)

देव एकच आहे, मेल्यावर प्रत्येकाला आपल्या कृत्यांचा जाब द्यावा लागेल, अनाथाचा माल खाऊ नका, उपाशी माणसाला जेवू घाला. मुहंमद जे सांगत होते त्याचा गाभा एवढाच होता. पण मक्केच्या पुढाऱ्यांना यातला धोका लगेच कळला. काबातल्या देवांना खोटं म्हणायचं म्हणजे यात्रेकरूंना घरी बसवायचं. शिवाय हा माणूस गुलामाला आणि जमातीच्या सरदाराला एकाच रांगेत उभं करत होता. छळ सुरू झाला. ६१५ च्या सुमारास काही अनुयायी तांबडा समुद्र ओलांडून हबशांच्या ख्रिस्ती राजाकडे आश्रयाला गेले. इस्लामच्या इतिहासातलं पहिलं स्थलांतर हे असं समुद्रावरून झालं, आणि ते एका परधर्मीय राजाच्या छत्राखाली झालं. पुढे कोकणात जे घडणार होतं त्याची ही रंगीत तालीमच म्हणायची.

ताइफची निराशा झाल्यावर तीन वर्षांनी यस्रिब गावातून बोलावणं आलं. तिथल्या औस आणि खझरज या जमाती आपसातल्या वैरात झिजल्या होत्या आणि त्यांना बाहेरचा निःपक्ष पंच हवा होता. ६२२ साली मुहंमद तिकडे गेले. हीच हिजरत, हिजरी सनाचा आरंभ, आणि यस्रिबचं झालं मदिना. पुढच्या दहा वर्षांचा तपशील इथे लांबवत नाही. बद्र, उहुद, खंदक या लढाया झाल्या. मदिनेतल्या ज्यू जमातींशी झालेला समझोता टिकला नाही, त्याचा शेवट हद्दपारीत आणि रक्तपातात झाला. ६२८ मध्ये हुदैबियाचा तह झाला आणि ६३० मध्ये मक्का जवळजवळ लढाईविना हाती आली. काबातल्या मूर्ती काढल्या गेल्या, पण यात्रा राहिली. मक्केवाल्यांचं पोट ज्या गोष्टीवर होतं तीच नव्या धर्माचा आधार झाली, हा निर्णय मला त्या दहा वर्षांतल्या सगळ्या लढायांपेक्षा मोठा वाटतो.

मक्केनंतर ताइफला वेढा पडला. तटबंदी मजबूत होती, वेढा उठवावा लागला. पण भोवतालच्या जमाती एकेक करून मुसलमान होत गेल्या, बाजारवाटा बंद झाल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सकीफांचं शिष्टमंडळ आपण होऊन मदिनेला आलं. त्यांनी घासाघीसही भरपूर केली. लात देवी आणखी तीन वर्षं राहू द्या, नमाजातून सूट द्या. दोन्ही मागण्या फेटाळल्या गेल्या. या शिष्टमंडळातला सर्वांत तरुण सदस्य होता उस्मान इब्न अबी अल-आस. वडीलधारे वाटाघाटीत गुंतलेले असत तेव्हा हा पोरगा नवा धर्म शिकून घेत बसे, असं चरित्रकार सांगतात. पैगंबरांनी वयाकडे न बघता त्यालाच ताइफचा प्रमुख नेमलं.

त्याच सुमारास ओमानकडेही दूत गेला होता. तिथे जैफर आणि अब्द या भावांचं राज्य होतं. अम्र इब्न अल-आस मदिनेहून पत्र घेऊन आला आणि भावांनी इस्लाम स्वीकारला. आपल्या दृष्टीने हे ताइफपेक्षाही महत्त्वाचं. ओमानची अझ्द जमात दर्यावर्दी. तिथल्या दिब्बा बंदरात दरवर्षी जत्रा भरे आणि तिला सिंध, हिंद आणि चीनचे व्यापारी येत, अशी नोंद इब्न हबीबने केली आहे. मक्का-मदिनेचा इस्लाम उंटावर बसलेला होता, ओमानमध्ये तो गलबतावर चढला.

८ जून ६३२ रोजी मदिनेत पैगंबरांचं निधन झालं. पहिले खलिफा अबू बक्र यांच्या काळात अनेक जमाती फुटल्या, त्यांना पुन्हा ताब्यात आणावं लागलं. ताइफ मात्र फुटलं नाही. याचं श्रेय बरेचदा उस्मानलाच दिलं जातं. ६३४ मध्ये उमर खलिफा झाले. बायझँटाइन आणि सासानी ही दोन साम्राज्यं ६०२ ते ६२८ अशी तब्बल पंचवीस-सव्वीस वर्षं एकमेकांशी लढून खिळखिळी झाली होती. अरबांचा पहिला धक्का बसताच इराणची घडी विस्कटली. त्याबरोबर इराणच्या आखातातल्या बंदरांवर इतकी वर्षं असलेला सासानी पहाराही उठला.

हिजरी १५ मध्ये, म्हणजे ६३६-३७ च्या सुमारास, उमर यांनी बहरीन आणि ओमान या दोन्ही प्रांतांचा कारभार उस्मान इब्न अबी अल-आसकडे दिला. त्याने आपला भाऊ हकम याला बहरीनला पाठवलं, स्वतः ओमानला गेला आणि तिथून ठाण्यावर सैन्य रवाना केलं.

ठाणंच का? कारण ओमानच्या खलाशांना ही वाट पाठ होती. याच्या शंभरएक वर्षं आधी कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या ग्रंथात कल्याण बंदराचं वर्णन केलं आहे. तिथून पितळ, शिसवाचं लाकूड आणि कापड बाहेर जाई, आणि तिथे इराणहून नेमलेला ख्रिस्ती बिशपही होता. खाडीच्या तोंडाशी ठाणं, आत कल्याण, वर सोपारा, खाली चौल. हा सगळा पट्टा पश्चिम आशियाच्या व्यापाऱ्यांना कितीतरी पिढ्यांपासून ठाऊक होता.

ती गलबतं कशी होती हेही जरा जवळून बघू. फळ्यांना भोकं पाडून त्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवत, फटी माशाच्या तेलाने आणि डांबरासारख्या पदार्थाने बुजवत. लोखंडी खिळा एकही नाही. पोलादाच्या गावात राहणाऱ्या माझ्यासारख्याला हे पहिल्यांदा वाचताना अविश्वसनीय वाटलं होतं. पण शिवलेलं तारू लाटेच्या तडाख्याने वाकतं, फुटत नाही. त्यासाठी लागणारं सागवान आणि काथ्या दोन्ही आपल्याच किनाऱ्यावरून जात, कारण अरबस्तानात ना साग ना नारळ. ज्या लाकडावर बसून अरब इकडे आले ते लाकूड इकडचंच होतं. भर पावसाळ्यात कोकणच्या बंदरांत शिरणं म्हणजे आत्मघात, हे कोळी-खारव्यांना सांगावं लागत नाही. नारळी पौर्णिमा होईपर्यंत त्यांच्याही होड्या किनाऱ्यावरच असतात. अरब नाविक नैर्ऋत्य वाऱ्याचा जोर ओसरताना त्याच्या शेपटीवर इकडे येत आणि हिवाळ्यात ईशान्य वाऱ्यावर परत जात.

या मोहिमेची हकिगत नवव्या शतकातल्या बलाझुरीने आपल्या ‘फुतूह अल-बुल्दान’ या ग्रंथात दिली आहे. सैन्य ठाण्याहून परतलं, उस्मानने खलिफाला तसं कळवलं. शाबासकीची अपेक्षा असेल. उत्तर आलं ते फटकारणारं. तू लाकडाच्या तुकड्यावर किडे सोडलेस, माणसं बुडाली असती तर तेवढीच माणसं मी तुझ्या जमातीतून वसूल केली असती, असा त्या पत्राचा आशय होता. उमर वाळवंटातले, समुद्रावर त्यांचा विश्वास नव्हता. सायप्रसवर आरमार नेण्याची मुआवियाची मागणीही त्यांनी अशीच नाकारली होती. ती मोहीम निघाली ती पुढच्या खलिफांच्या काळात. उस्मानने हकमला भडोचवर आणि दुसरा भाऊ मुगीरा याला सिंधमधल्या देबलवर पाठवलं होतं. मात्र ठाण्याचा प्रयोग उमरनी पुन्हा होऊ दिला नाही.

या प्रसंगावर आज दोन्ही बाजूंनी बरंच काही लादता येतं. कुणाला त्यात धर्मयुद्धाची पहिली स्वारी दिसेल, कुणाला दोन संस्कृतींची गळाभेट. माझ्या मते ती होती श्रीमंत बंदरावरची झडप, आणि तीही वरिष्ठांना न विचारता घातलेली. कोकण तेव्हा पोरकं नव्हतं. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात रविकीर्तीने सांगितलं आहे की पुलकेशीने कोकणच्या मौर्यांच्या पुरीवर, म्हणजे बहुधा घारापुरीवर, शेकडो नौका घेऊन हल्ला केला होता. म्हणजे किनाऱ्यावर नुकतीच नवी आणि ताकदवान सत्ता बसली होती. एका झडपेने इथे कायमचा पाय रोवणं शक्यच नव्हतं.

पुढे शंभर वर्षांनी जमिनीवरून प्रयत्न झाला. मुहंमद बिन कासिमने ७११-१२ मध्ये सिंध घेतल्यावर तिथल्या अरब सुभेदारांची फौज कच्छ-सौराष्ट्र तुडवत दक्षिणेकडे निघाली. नवसारीजवळ चालुक्यांच्या गुजरात शाखेच्या अवनिजनाश्रय पुलकेशीने तिला परत फिरवलं. ७३९ च्या नवसारी ताम्रपटात या विजयाचं वर्णन आहे, आणि शत्रूचं नाव आहे ‘ताजिक’, म्हणजे अरब. दक्षिणेचा दरवाजा तलवारीने उघडत नाही हे त्यानंतर अरबांना कळलं असावं. तो उघडला तराजूने.

चालुक्य जाऊन राष्ट्रकूट आले. त्यांची राजधानी मान्यखेट, आजचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मालखेड. उत्तरेत त्यांचे हाडवैरी गुर्जर-प्रतिहार, आणि प्रतिहारांचं सिंधच्या अरबांशी वैर. शत्रूचा शत्रू तो मित्र, या हिशेबाने राष्ट्रकूटांनी अरब व्यापाऱ्यांना जवळ केलं. हिशेब एवढाच नव्हता. फौजेला घोडे हवे होते, आणि दख्खनच्या हवेत चांगला घोडा निपजत नाही. बंदरावरची जकातही हवी होती. ८५१ सालच्या एका अरबी प्रवासवृत्तात राष्ट्रकूट राजाला ‘बल्हरा’ म्हटलं आहे, म्हणजे आपला ‘वल्लभराज’. जगातल्या चार थोर राजांत खलिफा, चीनचा आणि रूमचा बादशहा यांच्याबरोबर त्याची गणना केली आहे. आपले राजे अरबांवर माया करतात म्हणूनच दीर्घायुषी होतात असा त्याच्या प्रजेचा समज आहे, असंही त्यात लिहिलं आहे. व्यापाऱ्याची खुशामत थोडी वजा केली तरी मतलब कळतो.

बगदादचा मसूदी हा मोठा इतिहासकार हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६ च्या सुमारास, स्वतः चौलला आला होता. अरब त्याला सैमूर म्हणत. तिथे त्याला सुमारे दहा हजार मुसलमान राहताना दिसले: सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे. शिवाय इथेच जन्मलेले, ज्यांना ‘बयासिरा’ म्हणत. गावावर राज्य होतं राष्ट्रकूटांच्या मांडलिक शिलाहार राजांचं. मसूदीने दिलेलं राजाचं नाव म्हणजे शिलालेखांतला झंझ. मुसलमानांचे आपसातले तंटे मिटवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता, त्याच्या पदाला ‘हुनरमन’ म्हणत. त्या वेळी तो मान अबू सईद मारूफ बिन झकरिया यांच्याकडे होता.

ही व्यवस्था कसोटीला लागली की कशी चाले, याची एक गोष्ट बुझुर्ग इब्न शहरयार या इराणी नाखव्याच्या संग्रहात आहे. दहाव्या शतकाच्या मध्यातला हा संग्रह, खलाशांनी सांगितलेल्या हकिगतींचा, तेव्हा मीठ-मसाला गृहीत धरूनच वाचायचा. चौलच्या देवळात शिरून एका अरब खलाशाने मूर्तीची विटंबना केली आणि तो पकडला गेला. दरबाऱ्यांनी सल्ला दिला, याला हत्तीच्या पायी द्या. राजा म्हणाला, तो अरब आहे, त्यांच्या आणि आपल्या दरम्यान करार आहेत. मग त्याने हुनरमन अब्बास बिन माहान याला विचारायला माणूस धाडला: तुमच्या मशिदीत कुणी असं अश्लील वर्तन केलं तर तुमचा कायदा काय सांगतो? प्रश्न का विचारला जातोय हे अब्बासला ठाऊक नव्हतं. आपल्या धर्माचा मान राखायचा म्हणून त्याने सांगितलं, आम्ही त्याला ठार मारतो. राजाने खलाशाला ठार मारलं. खरा प्रकार कळल्यावर अब्बास हादरला आणि गुपचूप चौल सोडून गेला. राजाने कराराचं एक अक्षर मोडलं नाही, आणि देवळाचा अपमानही गिळला नाही. गोष्ट शंभर टक्के घडली असो वा नसो, बंदरात राजाच्या चातुर्याबद्दल काय बोललं जाई ते तिच्यातून समजतं.

उत्तरेला संजाणला तर याच्याही पुढची मजल गेली. आज संजाण गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून आहे. अरब ग्रंथांतलं ‘सिंदान’ म्हणजे हेच असं अनेक अभ्यासक मानतात. बलाझुरी सांगतो की खलिफा मामूनच्या काळात फझल बिन माहान नावाच्या माणसाने सिंदान जिंकून तिथे जामा मशीद बांधली. पुढे त्याच्या मुलांत भांडणं लागली आणि हिंदूंनी गाव परत घेतलं. पण मशीद त्यांनी मुसलमानांकडे राहू दिली. शुक्रवारी तिथे नमाज होत राहिला आणि खलिफासाठी प्रार्थनाही.

१९५५ साली डहाणूजवळ चिंचणीला काही ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांतला सर्वांत जुना शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा, राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या काळातला. लेख संस्कृत आहे आणि त्यात आधीच्या कृष्णराजाने संपूर्ण संयान मंडल, म्हणजे संजाणचा प्रांत, ज्याच्या हाती दिला त्याची ओळख करून दिली आहे. तो ‘ताजिक’ कुळातला, सहियारहाराचा मुलगा, नाव ‘मधुमती’, दुसरं नाव सुगतिप. सहियारहार म्हणजे शहरयार आणि मधुमती म्हणजे मुहंमद. पैगंबरांच्या निधनानंतर तीनशे वर्षांच्या आत त्यांचं नाव धारण केलेला माणूस राष्ट्रकूटांचा सुभेदार होऊन कोकणचा कारभार बघत होता.

त्याने केलं काय, तेही ताम्रपटात आहे. आसपासच्या बंदरांचे अधिपती जिंकून तिथे त्याने धन्याच्या वतीने आपली माणसं बसवली. म्हणजे माणूस नुसता व्यापारी नव्हता. दोन ओढ्यांवर त्याने फुकट तर सुरू केली, नावाड्याला पैसे द्यायची गरज नाही. संजाणला अन्नछत्र घातलं, तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप वाढलं जाई. आणि ज्या कारणासाठी हा ताम्रपट खोदला ते दान असं: अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने गावात मठिका बांधली होती, तिची दुरुस्ती, देवीचा नैवेद्य आणि पंचगौडीय महापरिषदेतल्या नऊ ब्राह्मणांचं भोजन यासाठी कानाडुक हे गाव आणि देवीहार इथली जमीन. राजाच्या संमतीने हे दान सुगतिपाने दिलं.

हे वाचून कुणी भारावून जाऊ नये. सुभेदाराने आपल्या प्रांतातल्या प्रतिष्ठित संस्थेला दान देणं हा तेव्हाच्या राजनीतीचा भाग होता, आणि मुहंमद-सुगतिप ती रीत चांगला शिकला होता. पण नऊ ब्राह्मणांच्या जेवणाची सोय करणारा सनदी अधिकारी मुसलमान असावा, यात ताम्रपट लिहिणाऱ्याला अवघडल्यासारखं काहीच वाटत नाही, आणि लक्ष द्यावं ते याकडे. याच मठिकेच्या पुढच्या, १०३४ च्या ताम्रपटात गावच्या नागरिकांच्या यादीत अल्लिय, महर, मधुमत ही नावं येतात. शिवाय ‘हंयमन’ येतं, म्हणजे पारशांची अंजुमन असं मानतात. अरबांनी इराण घेतल्यामुळे देश सोडून आलेल्यांचे वंशज आणि अरब व्यापाऱ्यांचे वंशज एकाच सनदेत साक्षीला बसले होते.

गोव्यालाही अकराव्या शतकात असंच चित्र दिसतं. कदंब राजा जयकेशीचा छडम हा प्रधान ताजिक घराण्यातला. त्याचा आजा मदुमोद याने कदंबांच्या राजाला गलबताची डोलकाठी मोडल्यावर मदत केली होती, असं लेखात म्हटलं आहे. छडमाने बांधलेल्या मशिदीच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर कर बसवायला राजाने मान्यता दिली.

देवगिरीवर अलाउद्दीन खिलजीची स्वारी झाली ती १२९६ ची. आपल्याकडे इस्लामची गोष्ट सहसा तिथूनच सांगायला घेतात, म्हणजे ठाण्यानंतर सहाशे साठ वर्षांनी. त्या स्वारीने बदललं ते हे की मुसलमान आता राजाच्या छत्राखालचे व्यापारी राहिले नाहीत, राजेच झाले, आणि राज्य दिल्लीहून चालू लागलं. बंदरांत तडजोडीची जी घडी होती ती यात विस्कटली. १३२१ मध्ये ठाण्याला चार फ्रान्सिस्कन साधू येऊन थांबले होते. काझीने त्यांना बोलावून पैगंबरांबद्दल त्यांचं मत विचारलं, उत्तर अपमानकारक वाटलं, आणि चौघांनाही जीव गमवावा लागला. थोड्याच काळाने ओदोरिक नावाचा साधू त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला आणि हकिगत त्याने पुढे लिहवून घेतली. चौलच्या हुनरमनाचा जमाना ठाण्यातून संपला होता.

किनाऱ्यावरचा समाज मात्र आपल्या जुन्या वळणाचा राहिला. उत्तर हिंदुस्थानातून खुष्कीने आलेले मुसलमान हनफी पंथाचे, कोकणी मुसलमान शाफई. येमेनच्या किनाऱ्यावरही शाफई पंथाचंच प्राबल्य, म्हणजे गलबतांची जुनी वाट या एका गोष्टीत अजून दिसते. घरात बोलणं कोकणी-मराठी, आडनावं मुकादम, नाखवा, किंवा गावाच्या नावाला ‘कर’ लावून केलेली. याच समाजातल्या नवायत घराण्यात मखदूम अली माहिमी झाले. चौदाव्या-पंधराव्या शतकात माहीम बेटावर राहून त्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिलं, काझी म्हणून न्यायदान केलं आणि १४३१ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांच्या दर्ग्याच्या उरुसात पहिली संदल चढवण्याचा मान मुंबई पोलिसांचा आहे, आणि ती मिरवणूक माहीम पोलीस ठाण्यातूनच निघते.